यंत्रें आधीं, पंतोजी मागून

शाळेंत एखादें नवें यंत्र आलें म्हणजे त्याची नोंद मोठ्या थाटानें होते. तें यंत्र वापरून शिकवावयास कोणी शिक्षक तयार झाला कीं नाहीं, ही नोंद मात्र शोधूनच काढावी लागते. इंग्लंडांतील प्राथमिक शाळांत संगणकाचा शिरकाव कसा झाला हें पाहूं लागलें असतां या गोष्टीची प्रचीति वारंवार येते.

मूळची कल्पना यंत्राची नव्हती, मुलाच्या मनाची होती. सीमूर पॅपर्ट हा गणिती जिनेव्हा येथें जां पियाजे या मानसशास्त्रज्ञाच्या सहवासांत कांहीं वर्षें घालवून अमेरिकेंत आला. १९६७ सालीं सिंथिया सॉलोमन आदि सहकाऱ्यांसह त्यानें मुलांसाठीं ‘लोगो’ ही आज्ञाभाषा रचली. पुढें जमिनीवर चालणारें एक यंत्र तिला जोडण्यांत आलें. त्याला ‘कांसव’ म्हणत. ‘शंभर पावलें पुढें जा, नव्वद अंश उजवीकडे वळ’ असें चारदां सांगितलें कीं कांसव चौकोन काढी. अंश चुकला तर रेघ भलतीकडे जाई आणि चूक मुलाला डोळ्यांनीं दिसे. मग तें मूल स्वतःच कांसव होऊन चार पावलें चालून पाही व चुकीचा माग काढी. पॅपर्टच्या १९८० सालच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथाचें मर्म येथेंच आहे. चुकीबद्दल शिक्षा नाहीं, चुकीची दुरुस्ती हाच अभ्यास! छडीच्या परंपरेंत वाढलेल्या आम्हां मंडळींना हें पचावयास थोडें जडच जातें.

१९८१ सालीं बीबीसीनें आपल्या संगणक-साक्षरतेच्या मोहिमेकरितां केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचें यंत्र स्वीकारलें. सरकारनें शाळांस निम्मी किंमत देऊं केली व दुसऱ्याच वर्षीं ही सवलत प्राथमिक शाळांनाही मिळाली. शिक्षकांसाठीं ‘मायक्रो प्रायमर’ नांवाचा स्वाध्यायाचा संच निघाला. (आपल्याकडे १९८४ सालीं सुरू झालेल्या ‘क्लास’ योजनेंत निवडक शाळांना मिळालीं तीं हींच बीबीसीचीं यंत्रें.) परंतु पुढें आज्ञावली रचण्याचा उत्साह ओसरला आणि संगणक शिकणें म्हणजे मजकूर टंकणें व कोष्टकें भरणें, असा अर्थ रूढ झाला. १९९९ पासून लॉटरीच्या पैशांतून सुमारें २३ कोटी पौंड शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीं काढून ठेवण्यांत आले. रक्कम कांहीं लहान नव्हती; परंतु पुष्कळांना हें शिक्षण शाळा सुटल्यावर, स्वतःच्या वेळांत, वर्गापासून दूर बसून घ्यावें लागलें, आणि अनेकांच्या पदरीं निराशा आली. या साऱ्या इतिहासांतील हाच भाग मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

२०१२ सालीं रॉयल सोसायटीनें या विषयाच्या शालेय अवस्थेवर कडक टीका केली. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडांतील पांच वर्षांच्या मुलापासून सर्वांना आज्ञावली शिकविण्याचा नवा अभ्यासक्रम लागू झाला. जो शिक्षक सकाळीं अपूर्णांक व दुपारीं इतिहास शिकवितो, त्याच्याच माथीं हा विषयही पडला. त्यानें तो स्वतः कधीं शिकला होता कीं नाहीं, याची चौकशी मागाहून व्हावयाची होती.

पुढें ‘मायक्रोबिट’ आलें. हें तळहाताहूनही लहान, उघडें यंत्र. त्यावर पंचवीस इवले तांबडे दिवे, दोन कळा, आणि हालचाल ओळखण्याची सोय. २०१५ च्या शरदऋतूंत वांटावयाचें, तें वीजपुरवठ्याच्या अडचणीमुळें मार्च २०१६ मध्यें अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या हातीं पडूं लागलें. सुमारें १० लाख यंत्रें! पण शाळेचें वर्ष संपावयास अवघे चार महिने उरले होते. २०१७ सालीं रॉयल सोसायटीनें पुन्हां पाहणी केली, तेव्हां बहुसंख्य शिक्षक पुरेशा आधारावांचून हा अपरिचित विषय शिकवीत आहेत, असें तिला आढळलें. त्यानंतर, २०१८ सालीं, ८ कोटी ४० लाख पौंडांच्या तरतुदीनें शिक्षकांच्या प्रशिक्षणाचें राष्ट्रीय केंद्र निघालें. २०२३ सालीं प्राथमिक शाळांस तीस-तीस मायक्रोबिटांचे संच मोफत देऊं केले गेले, तेव्हां त्यांच्याबरोबर पाठ आणि शिक्षकांसाठीं प्रशिक्षणही होतें.

शिकविण्याच्या रीतीही आतां बदलल्या आहेत. सू सेंटन्स या विदुषीनें मांडलेल्या रीतींत शिक्षकाला वा मुलाला कोऱ्या पाटीपासून आरंभ करावा लागत नाहीं. तयार आज्ञावली पुढें ठेवून ती काय करील याचा आधीं तर्क करावयाचा. मग ती चालवून पाहावयाची, तपासावयाची, थोडी बदलावयाची आणि शेवटीं स्वतःची नवी रचावयाची. पावलें मोजणारें यंत्र घ्या. आरंभीं संख्या शून्य करा. प्रत्येक हिसक्यास एक मिळवा आणि ती दिव्यांवर दाखवा. इतकी साधी गोष्ट! परंतु ‘शून्य करा’ ही आज्ञा चुकून हिसक्याच्याच कप्प्यांत पडली, तर यंत्र कितीही हलवा, दिव्यांवर एकचाच आंकडा येतो. प्रशिक्षणांत ही चूक ज्या बाईंनीं स्वतः एकदां करून पाहिली असेल, त्या वर्गांत हैराण झालेल्या मुलाच्या हातांतून यंत्र काढून घेत नाहींत. “शून्य केव्हां होतें रे?” एवढेंच विचारतात आणि पुढच्या बाकाकडे वळतात.