खाणगाड्यांचे वंगण : एक दुर्लक्षित नोंद

कोळशाच्या खाणीतील गाडीचा आस धूळ, पाणी आणि ओझे यांमुळे लवकर कोरडा पडे. घर्षण वाढले की ओढणारी खेचरे दमत व आसही झिजत. त्यामुळे वंगण गाडीपर्यंत वाहून नेणे भाग होते. तंत्रज्ञानाच्या इतिहासात तेलाच्या झारीची दखल घेतली जाते. ती वाहणाऱ्याची क्वचितच. राष्ट्रीय बालश्रम समितीसाठी लुईस हाईन यांनी डिसेंबर १९१० मध्ये अमेरिकेतील अलाबामाच्या बेसी खाणीवर अशाच एका ‘ग्रीझर’ मुलाचे छायाचित्र घेतले. तो आपले वय १४ सांगे. हाईन यांना ते शंकास्पद वाटले. ग्रीसच्या दोन जड बादल्या तो वाहतो आणि गाड्यांखाली सापडण्याचा धोका त्याला वारंवार असतो, असे त्यांनी नोंदविले. सुवाह्य साधन म्हणावयाचे ते हेच! पुढे ग्रीस धरून ठेवणाऱ्या रोलर बेअरिंगांमुळे वारंवार वंगण घालण्याची गरज घटली.