वेरूळ आणि चाळिशी

मराठीत चष्म्याला चाळिशी म्हणतात. इतका प्रामाणिक शब्द मला दुसरा ठाऊक नाही. वय चाळीस उलटले की वर्तमानपत्र हळूहळू हातभर लांब जाते, सुईत दोरा ओवायला घरातल्या मुलाला हाक मारावी लागते आणि एके दिवशी ती नाकावर येऊन बसतेच. असे का व्हावे, हा विचार करताना माझे मन वेरुळाकडे धावते.

अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुण्याचा चित्रकार गंगाराम तांबट वेरूळची लेणी रेखाटीत होता. पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याचा त्याला आश्रय होता. आता कैलासापुढे बसलेल्या चित्रकाराचे काम डोळ्यांपुढे आणा. सुमारे शंभर फूट उंच मंदिराकडे पाहायचे, लगेच मांडीवरच्या कागदाकडे. पुन्हा वर, पुन्हा खाली. दरवेळी दूरचेही स्पष्ट आणि जवळचेही स्पष्ट! ही अदलाबदल कोण करतो?

योगायोग असा की, त्याच दशकात लंडनमध्ये हाच प्रश्न विचारला जात होता. 1793 साली थॉमस यंग या वीस वर्षेही पूर्ण न झालेल्या तरुणाने रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला : डोळ्यातले भिंगच स्नायूचे बनलेले आहे आणि तेच आपला आकार बदलते. यातले अर्धेच खरे होते. पुढे त्याने आपला डोळा पाण्याशी भिडवून पाहिला. पाण्यात डोळ्याच्या दर्शनी पडद्याची वक्रता निरुपयोगी होते. तरीही दूर-जवळ जुळवून घेणे चालूच राहिले. म्हणजे बदलते ते आतले भिंगच, हे त्याने 1801 साली प्रसिद्ध केले. भिंगाभोवतीचा स्नायू मात्र 1847 च्या सुमारास ब्रूके आणि बोमन यांनी दाखवला, आणि त्याचे काम 1855 साली हेल्महोल्ट्झने उलगडले.

त्यातली गंमत ऐका. हा स्नायू कड्यासारखा असतो आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक तंतूंनी भिंग त्याला टांगलेले असते. दूर पाहताना कडे सैल, तंतू ताणलेले, भिंग चपटे. जवळ पाहताना कडे आवळते, त्यामुळे तंतू ढिले पडतात आणि भिंग आपल्या लवचिकपणाने फुगते. म्हणजे दूर पाहणे ही विश्रांती, जवळ पाहणे ही मेहनत! वयाबरोबर थकतो तो मुख्यतः स्नायू नव्हे. भिंगच कडक होत जाते.

मग मला कैलास कोरणारे पाथरवट आठवतात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगराच्या माथ्यापासून खाली हे मंदिर कोरले गेले. इटलीत चष्मा तयार झाला तो तेराव्या शतकाच्या अखेरीस. तेव्हा पन्नाशीच्या कारागिराला चाळिशी कुठली मिळणार? हातभर अंतरावरची छिन्नी त्याला दिसत असेल. पण दागिन्यांचे बारीक मणी? माझा आपला अंदाज असा की, तिथे त्याने छिन्नी मुलाच्या हाती दिली असेल आणि स्वतः चार पावले मागे सरून रेषा सरळ आहे ना, एवढे पाहिले असेल. दूरची नजर त्याची, जवळची मुलाची.

तेव्हा वाचकहो, हा अंक वाचता वाचता डोळे शिणले, तर समोरच्या गच्चीवरच्या आकाशकंदिलाकडे जरा पाहा. आवळलेल्या त्या कड्यालाही दिवाळीची सुट्टी हवी!