झुरळें, घरें आणि तपासनीस

गेल्या पावसाळ्यांत आमच्या स्वयंपाकघरांत झुरळें झालीं. हें वाक्य लिहितांनाही आमची लेखणी किंचित् अडखळते. कारण घरांत झुरळें होणें ही गोष्ट आपल्या मध्यमवर्गांत गृहिणीच्या नांवावर जमा होते, आणि ती चारचौघांत कोणी बोलून दाखवीत नाहीं. उपाय करणारा माणूस येणार म्हणून आमच्या सौभाग्यवतींनीं आदल्या दिवशीं दोन तास ओटा घासून काढला! झुरळें शोधावयास येणाऱ्यास घरांत अस्वच्छता दिसूं नये, हा त्यांतील हेतु.

पहिला गृहस्थ आला तो उंबऱ्यावरूनच “दोन बीएचके ना?” असें विचारून आणि एक आकडा सांगून मोकळा झाला. दुसरा एक तरुण होता. त्यानें विजेरी काढली, गुडघे टेकले, फ्रिज पुढें ओढवून त्याच्या मोटारीमागें पाहिलें, शेगडीखालीं पाहिलें, कपाटांच्या बिजागरींत पाहिलें, सिंकचा नळ जेथें भिंतींत शिरतो तेथें एक चिकट पुठ्ठा ठेवला आणि “काका, रात्रभर राहू द्या. किती पैसे ते उद्या बघून सांगतो,” असें म्हणून तो निघून गेला. पाहण्यापूर्वी आकडा सांगणारा आणि आकडा सांगण्यापूर्वी पाहणारा, असे या धंद्यांत दोन पंथ असावेत असें आम्हांस त्या दिवशीं वाटलें. पुढें कुतूहलानें थोडें वाचन केलें तेव्हां आढळलें कीं, हे पंथ बरेच जुने आहेत.

या धंद्याचा लेखी इतिहास झुरळापासून नव्हे, ढेकणापासून सुरू होतो. लंडन शहरीं 1730 सालीं जॉन साउथॉल नांवाच्या गृहस्थानें ढेकणांवर एक लहानसा प्रबंध छापला आणि तो रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर हॅन्स स्लोन यांस अर्पण केला. प्रबंध कसला, जाहिरातच ती! साउथॉल 1726 मध्यें जमैका बेटावर गेला असतां तेथील एका वृद्ध निग्रोकडून त्यानें ढेकूण मारणाऱ्या एका द्रवाची कृति मिळविली, परत येऊन त्या द्रवास ‘अनुपम’ अशा अर्थाचें नांव दिलें, आणि तो स्वतः विकूं लागला. ज्या वृद्धाची ही विद्या, त्याचें नांव मात्र जगास ठाऊक नाहीं. तथापि साउथॉलच्या पदरीं एक गुण घातलाच पाहिजे. ढेकूण कोठून येतात, याचा त्यानें खरोखर विचार केला होता. गलबतांवरून आलेलें सामान, नोकरांच्या पेट्या, धुण्याच्या टोपल्या, यांवर नजर ठेवा, असें तो ग्राहकांस बजावतो.

साउथॉलची भिस्त अखेर बाटलीवर होती. त्याच शहरांत दुसरें एक घराणें होतें, त्याची भिस्त डोळ्यांवर होती. टिफिन हें त्या घराण्याचें नांव. लंडनच्या कष्टकरी लोकांच्या हकीकती टिपून ठेवणाऱ्या हेन्री मेह्यूनें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या घराण्यांतील एका पुरुषाची मुलाखत घेतली, ती आजही वाचनीय आहे. धंदा 1695 पासूनचा, असें टिफिन अभिमानानें सांगतो. मूळ पुरुष स्त्रियांच्या तंग काचोळ्या शिवणारा शिंपी. स्वतःच्या घरांत ढेकूण झाले, त्यांवर त्यानें औषध शोधलें, आणि तें लागू पडलें तेव्हां काचोळ्यांच्या गिऱ्हाइकांसही सांगितलें. नातवा-पणतवांच्या काळीं ‘महाराणीसाहेबांचे ढेकूणसंहारक’ ही पदवी पाटीवर चढली. चौथ्या जॉर्ज राजाची कन्या शार्लट हिचा पलंग तपासतांना टिफिनला एकच ढेकूण सांपडला, आणि तो पाहण्यास राजकन्या स्वतः पलंगावर उडी मारून चढली, ही गोष्ट तो अशा चवीनें सांगतो कीं, जणूं तो ढेकूण उमराव घराण्यांतलाच!

परंतु आम्हांस त्या मुलाखतींतील महत्त्वाची जागा वेगळीच वाटते. सुतार आणि गाद्या भरणारे लोक ढेकूण मारतात ते हजारोंनीं. पण मारतात तितकेच मागें ठेवतात. टिफिन म्हणतो, आम्हांस हजारांची पर्वा नाहीं, आम्ही शोधतों तो शेवटचा ढेकूण. म्हणून त्याचा करार वर्षाचा असे. घरांत ढेकूण असोत वा नसोत, दरसाल येऊन घर तपासावयाचें; कारण एखाद्या नोकराच्या पेटींतून दोन-तीन जरी आले, तरी दुर्लक्ष झाल्यास त्यांची वसाहत होण्यास वेळ लागत नाहीं. म्हणजे श्रीमंत गिऱ्हाईक त्याला पैसे देई तें विषासाठीं नव्हे, तर पाहण्यासाठीं.

‘घराची तपासणी’ या शब्दांची आठवण आमच्या पुण्यास निराळी आहे. 1897 च्या मार्चपासून प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँडसाहेब यांच्या हुकमानें गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर शिरल्या. माजघर, देवघर, कोठी, कांहीं सुटलें नाहीं. सामानसुमान रस्त्यावर आलें, कांहींचें जळालें. त्याचा शेवट 22 जून रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्यांनीं झाला, हें सर्वश्रुत आहे. त्या तपासणींत घरमालकाच्या संमतीस जागा नव्हती, ही गोष्ट मोठीच. पण आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाहीं. सोजीर शोधीत होते रोगी आणि लपविलेलीं प्रेतें. रोग पसरविणारी उंदरावरील पिसू आहे, हें सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें 1898 मध्यें दाखविलें, आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी कित्येक वर्षें लागलीं. घर सगळें उलथेंपालथें केलें, पण काय पाहावयाचें तेंच पाहणाऱ्यास ठाऊक नव्हतें.

आतां झुरळाकडे वळूं. आमच्या त्या तरुणानें दुसऱ्या दिवशीं पुठ्ठा उचलून आम्हांस दाखविला. मोरीच्या गटारांतून येणारें मोठें तांबूस झुरळ त्यावर एकही नव्हतें. सर्व लहान, पिंगट, डोक्यामागें दोन काळ्या रेघा असलेलीं. ही जात शास्त्रांत ‘जर्मन’ म्हणून ओळखली जाते, कारण लिनियसनें 1767 मध्यें तिचें तसें नामकरण केलें. रशियन लोक तिला प्रशियाची म्हणत, जर्मन लोक रशियाची. पाहुणा नकोसा झाला कीं त्याचें गांव शेजाऱ्याचें ठरवावयाचें, हा मनुष्यस्वभावच आहे. खरें गांव 2024 मध्यें ठरलें. सतरा देशांतून गोळा केलेल्या 281 झुरळांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून शास्त्रज्ञांनीं असा निष्कर्ष काढला कीं, ही जात सुमारें 2100 वर्षांपूर्वी भारत किंवा ब्रह्मदेश या भागांत एका रानटी जातीपासून फुटली आणि माणसाच्या वस्तीस येऊन राहिली. सुमारें 1200 वर्षांपूर्वी ती पश्चिमेस अरबी मुलखांत गेली, आणि युरोपांत पोंचली ती अवघ्या 270 वर्षांमागें. म्हणजे झुरळ आमच्या घरीं विलायतेहून आलेलें नाहीं. तेंच येथून जग पाहून आलें आहे! धान्याच्या पोत्यांतून आणि जहाजांच्या कोठ्यांतून तें गेलें, त्यांत कोणा गृहिणीचा ओटा घासण्याचा वा न घासण्याचा संबंध नव्हता.

आणि विषांचें काय झालें? दुसऱ्या महायुद्धानंतर क्लोरडेन नांवाचें जहाल औषध आलें. 1950 नंतर दोन-तीन वर्षांतच टेक्सस प्रांतांतील कॉर्पस क्रिस्टी येथें त्यास न जुमानणारीं झुरळें निघालीं. पुढें फवारा मागें पडून विषारी गोड आमिष आलें, तेव्हां फ्लॉरिडांतील कांहीं झुरळें तें तोंडांत घेईनात. विषाचा त्यांस तिटकारा नव्हता, ग्लुकोजचा होता, हें जूल्स सिल्व्हरमन यांनीं शोधून 1993 मध्यें प्रसिद्ध केलें. आणि 2013 मध्यें उलगडा झाला कीं, या झुरळांच्या जिभेस, म्हणजे मुखावरील रुचिकेसरांस, ग्लुकोज कडू लागतें. गोड खाणारीं मेलीं, गोड टाळणाऱ्यांची प्रजा वाढली. अशा स्थितींत जो तपासनीस कोणतें आमिष खाल्लें गेलें आणि कोणतें तसेंच राहिलें हें पाहावयास परत येत नाहीं, त्याचें औषध कितीही नवें असो, पैसे पाण्यांत.

आमच्या तरुणानें मग दर सांगितला, आणि तो दोन प्रकारें सांगितला. केवळ आमच्या स्वयंपाकघराचा एक; तो उंबऱ्यावरच्या गृहस्थापेक्षां कमीच होता. “पण काका, खरं सांगायचं तर ती तुमची नाहीतच. पाइपच्या डक्टमधून येतायत. मादी अंड्यांची पिशवी पाठीमागे घेऊन फिरते, एकेका पिशवीत तीस-चाळीस. वरच्या-खालच्या चारी घरांचं एकदम केलं तर उपयोग.” त्या चारी घरांचा दर त्यानें वेगळा लिहून दिला, आणि पंधरा दिवसांनीं पुन्हां पाहण्याचा त्यांतच धरला.

दर वाजवी होता. अडचण होती ती जिना चढण्याची. वरच्या घरीं जाऊन “आपल्याकडे झुरळें आहेत काय?” असें विचारणें हें आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनांत घेतलेल्या कोणत्याही तोंडी परीक्षेहून कठीण गेलें. वहिनींनीं दार उघडलें. “आमच्याकडे? छे हो, भाऊजी, एक नाही!” असें त्या मोठ्यानें म्हणाल्या. आम्ही तो कागद घडी करून परत खिशांत ठेवीत होतों, तोंच त्यांनीं जिन्याकडे एकवार पाहिलें, आणि आवाज खालीं आणून विचारलें, “त्या मुलाचा फोन नंबर आहे का तुमच्याकडे?”