होम थिएटर ध्वनिसंच

होम थिएटर ध्वनिसंच म्हणजे घरातील दूरचित्रवाणी संचाला किंवा प्रोजेक्टरला जोडून चित्रपटगृहाप्रमाणे चोहोबाजूंनी ध्वनी ऐकविणारी यंत्रणा होय. रिसीव्हर व स्पीकर हे तिचे मुख्य घटक आहेत. रिसीव्हर ध्वनिसंकेत निरनिराळ्या वाहिन्यांत विभागून त्यांचे वर्धन करतो. स्पीकर त्या संकेतांचे ध्वनीत रूपांतर करतात.

रचना

'५.१' या प्रचलित रचनेत पाच स्पीकर व एक सबवूफर असतो. चित्रपटातील संवाद मुख्यत्वे मधल्या स्पीकरमधून येतात. त्यामुळे तो हलक्या प्रतीचा असल्यास संवाद अस्पष्ट होतात. श्रोत्याच्या समोरील मध्यरेषेपासून डावा व उजवा स्पीकर प्रत्येकी ३० अंशांवर, तर सभोवार ध्वनीचे दोन स्पीकर १०० ते १२० अंशांवर असावेत, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे.

स्पीकरची निवड

खोलीचा आकार पाहून प्रथम स्पीकर व नंतर त्यांना अनुरूप रिसीव्हर निवडणे सोयीचे ठरते. स्पीकरची संवेदनक्षमता डेसिबलमध्ये देतात. ९० डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज मिळविण्यासाठी ८७ डेसिबलच्या स्पीकरला दुप्पट विद्युतशक्ती लागते.

रिसीव्हरची निवड

खोक्यावर ठळकपणे छापलेला 'पीएमपीओ' वॉटचा आकडा क्षणिक कमाल शक्तीचा असतो व त्यावरून प्रत्यक्ष क्षमता कळत नाही. तुलनेसाठी सलग मिळणारी 'आरएमएस' शक्ती पाहावी. तीही पुष्कळदा दोनच वाहिन्या चालू ठेवून मोजलेली असते. स्पीकरचा रोध (ओम) रिसीव्हरसाठी सांगितलेल्या किमान मर्यादेहून कमी असल्यास विद्युतप्रवाह वाढून रिसीव्हर तापतो व बिघडू शकतो.

खोली व परिसर

सिमेंटचा गिलावा व गुळगुळीत फरशी यांवरून ध्वनी परावर्तित होऊन घुमतो. सतरंजी, गाद्या व जाड पडदे तो काही अंशी शोषून घेतात. मराठवाड्यात जुन्या माळवदांच्या जागी पत्र्याची व स्लॅबची घरे आली आहेत. पत्र्याचे छत सबवूफरच्या खर्जातील नादाने थरथरते. अशा घरात मोठ्या सबवूफरपेक्षा लहान व योग्य जागी ठेवलेला सबवूफर अधिक उपयुक्त ठरतो.

भारतातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे.