सात गठ्ठे आणि सतरा मतं

मार्च १९९५. मतमोजणीच्या हॉलमध्ये जाळीला नाक लावून तुम्ही उभे आहात. आत टेबलांवर मतपत्रिकांचे गठ्ठे बांधले जातायत, पंचवीस-पंचवीसचे. त्याआधी सगळ्या केंद्रांचे गठ्ठे पिंपात एकत्र कालवलेत. त्यामुळे कोळ्याचं मत कुठलं, जवळ्याचं कुठलं, महूदचं कुठलं, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. गावाचं गुपित राखायची ती रीतच आहे. हॉलमध्ये घामाचा आणि शाईचा वास कोंडलाय. कुणी मोठ्यानं बोलत नाही.

आकडा तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही पुढच्या काळातून आलात. सांगोल्यातून सात वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख आज पडणार. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील जिंकणार, १९२ मतांनी. म्हणजे सात गठ्ठे आणि वर सतरा मतं. राज्यभर काँग्रेसची सत्ता जात असताना इथे मात्र काँग्रेस जिंकतेय! तुमच्या शेजारी देशमुखांच्या शेतकरी कामगार पक्षाचा, म्हणजे शेकापचा, एक म्हातारा कार्यकर्ता ओठ हलवत गठ्ठे मोजतोय. त्याच्या खांद्यावर हात ठेवून काही सांगावं असं तुम्हाला वाटतं. पण सांगणार काय? त्याचा आत्ता लाल बावट्यावर जेवढा जीव आहे तेवढाच राहू द्यावा. निकाल पुकारला जातो तेव्हा तो खाली बसतो आणि चपलेचा अंगठा सारखा करत राहतो. तुमची नजर वळते.

तुम्ही आणखी मागे जाता.

फेब्रुवारी १९६२. शाळेची एकच खोली, बाहेर बायांची वेगळी रांग. महाराष्ट्र राज्य होऊन अजून दोन वर्षंही झालेली नाहीत. पाच वर्षांपूर्वी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. यंदा पेटी एक आणि कागदावर शिक्का मारायचा, म्हणून रांगेत कुजबुज चाललीय: शिक्का नेमका कुठं मारायचा? बोटाला न पुसणारी शाईही लावली जातेय. तुमच्या पुढची आज्जी तर्जनी उन्हात धरून बघते, पदराला पुसून बघते. जात नाही.

काँग्रेसची बैलजोडी तेव्हा कुठल्याही गावाच्या भिंतीवर दिसते. यशवंतराव चव्हाणांचा जमाना. २६४ पैकी २१५ जागा काँग्रेस घेणार आणि शेतकरी कामगार पक्षाच्या वाट्याला १५ येणार. १९४७ मध्ये हा पक्ष उभा करणारे केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे तोवर काँग्रेसमध्ये परत गेलेले होते. अशा वेळी मोहोळ तालुक्यातल्या पेनूरहून आलेला एक तरुण वकील, गणपतराव देशमुख, बावटा खाली ठेवत नाही आणि सांगोल्यातून निवडून येतो. पंधरांतला एक. पुढे लोक त्याला आबा म्हणू लागतात.

पण सांगोल्यानं आबांना डोळे मिटून मत दिलं असं समजू नका. हा तालुका पावसाच्या वाटेवरचा नाही. माण नदीचं पात्र वर्षातले कितीतरी महिने वाळूचंच असतं. इथला माणूस मत देतो ते पाण्याकडे बघून. १९७२ मध्ये, दुष्काळ पुरता पेटण्याच्या तोंडावर, तो काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांना निवडून देतो. साळुंखे-पाटलांचं निधन होतं, १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागते आणि आबा परत येतात. तिथून १९९० पर्यंत त्यांना कुणी हरवत नाही.

या मधल्या वर्षांत मला जास्त रेंगाळायचं नाही. फक्त एकदा एसटीच्या खिडकीशी बसा. पुढच्या बाकावर मांडीवर कागदांची पिशवी घेऊन आमदार बसलेत. ही दंतकथा नाही, एसटीनं फिरणारा आमदार म्हणूनच राज्य त्यांना ओळखत होतं. १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात ते मंत्री होते, १९९९ मध्ये पुन्हा झाले. तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली. नव्वदच्या दशकात नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदांतून त्यांनी दुष्काळी तालुक्यांसाठी कृष्णेचं पाणी मागितलं. खिडकीबाहेर कुसळं दिसतात, मग मधेच डाळिंबाची हिरवी पट्टी लागते. पिशवीतले अर्ज बहुतेक त्या दोन रंगांमधल्या अंतराबद्दलच असणार.

ऑक्टोबर २०१४. आता मशीनची बीप ऐकू येते. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आबा पंचवीस हजारांवर मतांनी अकराव्यांदा निवडून येतात. समोर तेच शहाजीबापू, आता शिवसेनेचे. मशीननं एक गोष्ट मात्र नेली. पिंप गेलं आणि कुठल्या केंद्रावर किती मतं पडली ते आता थेट दिसतं. तो मोठा तोटा आहे, असं मला वाटतं. हरलेल्या माणसाला बोट दाखवायला गाव सापडतं.

आणि २४ ऑक्टोबर २०१९. यंदा आबा स्वतः उभे नाहीत. रिंगणात त्यांचे नातू अनिकेत देशमुख आहेत. फेरीमागून फेरी आघाडी इकडची तिकडे होते आणि शहाजीबापू ७६८ मतांनी जिंकतात. त्यांचे आयुष्यातले दोन विजय, चोवीस वर्षांच्या अंतरानं, आणि दोन्हींचं मताधिक्य मिळून ९६०. त्यातला ७६८ चा फरक तरी त्या दिवशी घरी बसलेल्यांच्या हातात होता. माझ्या मनातून हे जात नाही. १९६२ ची ती आज्जी बोट उन्हात धरून उभी होती, आणि इथे कुणी तरी म्हणालं असेल, एका मतानं काय होतंय.

३० जुलै २०२१ ला आबा गेले.

२० नोव्हेंबर २०२४. पुन्हा तीच शाळा, तीच रांग. पुढचा निकाल तुम्हाला माहीत आहे: दुसरे नातू बाबासाहेब देशमुख पंचवीस हजारांवर मतांनी येतील आणि साऱ्या राज्यात शेकापची ही एकच जागा असेल. १९६२ च्या पंधरांतली उरलेली एक. रांगेतल्या कुणालाच अजून हे माहीत नाही. मतदान अधिकारी तुमचं नाव पुकारतो. तुम्ही डाव्या हाताची तर्जनी पुढे करता. शाई गार लागते. बटण दाबता, काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते. मागची बाई तुम्हाला विचारते, आत किती वेळ लागतो?