आकडीरोधक औषधे आणि वाढत्या मेंदूतील संरक्षक प्रथिने

अपस्मारावरील औषधे चेतापेशींचे अनियंत्रित उद्दीपन शमवून आकडी रोखतात. वाढीच्या काळात मात्र मेंदूला काही उद्दीपन आवश्यकच असते. त्यातून चेतापोषक प्रथिने, म्हणजे न्यूरोट्रॉफिन, तयार होतात आणि कोवळ्या पेशींना जगण्याचा संकेत देतात. ‘बीडीएनएफ’ हे त्यांतील सर्वाधिक अभ्यासले गेलेले प्रथिन. हा संकेत क्षीण झाल्यास पेशीतील स्वनाशाची प्रक्रिया सुरू होते.

बर्लिनमधील संशोधकांच्या पुढाकाराने झालेला यासंबंधीचा महत्त्वाचा अभ्यास २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उंदरांच्या नवजात पिल्लांना फेनोबार्बिटल, फेनिटॉइन, डायझेपाम, क्लोनाझेपाम, व्हिगाबॅट्रिन आणि व्हॅल्प्रोएट ही औषधे देण्यात आली. माणसात आकडी रोखण्यासाठी रक्तात लागणाऱ्या पातळीलाच मेंदूत पेशीनाश आढळला आणि न्यूरोट्रॉफिनची निर्मितीही घटलेली दिसली. न्यूरोट्रॉफिनचेच मार्ग चेतवणाऱ्या इस्ट्राडायॉल या संप्रेरकाने ही हानी कमी झाली. पुढील प्रयोगांत लेव्हेटिरासेटमने असा पेशीनाश घडवला नाही.

हे निष्कर्ष उंदरांचे आहेत, हे विसरता येणार नाही. माणसाच्या बाळात नेमके असेच घडते, असे सिद्ध झालेले नाही. प्रौढ मेंदूचे गणितही वेगळे असू शकते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींत व्हॅल्प्रोएटने बीडीएनएफ वाढल्याचे आढळले आहे.

व्हॅल्प्रोएटबाबतचा मानवी पुरावा अधिक ठोस आहे. अमेरिका आणि ब्रिटनमधील अपस्मारग्रस्त गर्भवतींच्या मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये जाहीर झाले. गर्भावस्थेत व्हॅल्प्रोएटचा संपर्क आलेल्या मुलांचा बुद्ध्यंक तिसऱ्या वर्षी लॅमोट्रिजिनच्या गटापेक्षा सरासरी ९ गुणांनी कमी होता. मात्रा जितकी अधिक, तितका परिणाम मोठा. सहाव्या वर्षीही तफावत कायम राहिली. ती न्यूरोट्रॉफिन घटल्यानेच पडली, असे मात्र म्हणता येत नाही. व्हॅल्प्रोएट जनुकांच्या कार्यातही हस्तक्षेप करते.

डॉक्टरांपुढचा पेच खरा आहे. आवर न घातलेली आकडीही मेंदूला इजा करते. म्हणूनच नवजात अर्भकाच्या आकडीवर फेनोबार्बिटल आजही पहिल्या पसंतीचे औषध आहे. दिवस गेल्याचे कळताच घाबरून गोळ्या एकदम थांबवणे तर सर्वांत धोक्याचे, कारण त्यातून न थांबणारी आकडी उद्भवून आई आणि गर्भ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. औषध बदलायचे असल्यास तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने आणि शक्यतो गर्भधारणेपूर्वीच बदलले जाते.