पट्टी चढवलेला आवाज

आमच्या रेकॉर्ड प्लेअरला वेग बदलायची एक छोटी दांडी होती: ३३, ४५, ७८. घरात मोठं कुणी नसलं की आम्ही भावंडं ३३ची लाँगप्ले मुद्दाम ४५वर लावायचो. भरदार गळ्याचा गायक एकदम बारीक आवाजात लगबगीनं गाऊ लागायचा आणि आमची हसून मुरकुंडी वळायची. तबकडी जोरात फिरली की गाणं नुसतं जलद होत नाही, त्याची पट्टीही चढते. पांढरी एकचा आवाज पांढरी चारच्याही किंचित वर जातो.

पोरांच्या या खेळासारख्याच युक्तीतून पुढे हिप-हॉपमधली एक रडवणारी रीत जन्मली. तिला 'चिपमंक सोल' म्हणतात. चिपमंक म्हणजे अंगावर पट्टे असलेला, खारीच्या कुळातला प्राणी. संगीतात त्याचं नाव आलं ते १९५८ साली. रॉस बॅगडेसेरियन या अमेरिकन संगीतकारानं टेप निम्म्या वेगानं फिरवत आवाज ध्वनिमुद्रित केला, मग ती नेहमीच्या वेगानं वाजवली. आवाज सप्तकभर चढला. त्या आवाजाचे तीन चिपमंक घराघरांत पोचले.

हिप-हॉपमध्ये वेग वाढवण्यामागे आधी काटकसर होती. १९८७ साली एसपी-१२०० नावाचं सँपलर, म्हणजे आवाजाचे तुकडे टिपून वाजवणारं यंत्र, आलं. त्यात सगळं मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. मग बीट बनवणारे ३३ची रेकॉर्ड ४५वर लावून टिपून घेत, म्हणजे चार सेकंदांचा तुकडा तीनांत बसे. नंतर यंत्रातच तो पुन्हा खाली आणायचा. या सगळ्यात आवाजाला एक खरखरीत पोत येई, आणि तोही लोकांना आवडू लागला. नव्वदच्या दशकात वू-टँग क्लॅन या रॅप गटाच्या रिझानं जुन्या सोल गाण्यांचे चढवलेले आवाज तसेच चढे राहू दिले. ते ऐकताना हसू येत नाही. दूरच्या खोलीत कुणी लहान मूल रडतंय असं वाटतं.

रॅपर आणि निर्माता कान्ये वेस्टनं रिझाचं हे ऋण उघड मान्य केलं आहे. कान्ये शिकागोत वाढला. आई डॉन्डा इंग्रजीची प्राध्यापक होती. मुलानं मात्र कॉलेज अर्ध्यावर सोडलं. नो आय.डी. या शिकागोच्याच निर्मात्याकडून तो बीट बांधायला शिकला. २००१ साली रॅपर जे-झीच्या 'द ब्लूप्रिंट' या अल्बममध्ये त्यानं आणि निर्माता जस्ट ब्लेझनं हीच रीत अशी वापरली की पुढची काही वर्षं रॅपमध्ये तिचंच राज्य होतं.

२३ ऑक्टोबर २००२. लॉस एंजेलिसमध्ये स्टुडिओतून परतताना गाडी चालवतानाच कान्येचा डोळा लागला. अपघातात जबडा मोडला, तो तारेनं आवळून बांधला. दोनेक आठवड्यांत, तोंड बांधलेलं असतानाच, त्यानं 'थ्रू द वायर' ध्वनिमुद्रित केलं. त्याच्या आवाजाखाली गायिका चाका खानचं 'थ्रू द फायर' हे १९८४च्या अल्बममधलं गाणं, पट्टी चढवलेलं. हेडफोन लावून ऐका. त्याची अक्षरं दातांमागे अडकतात, जीभ जड झालेली कळते. आणि त्याच वेळी तिचा आवाज मोकळ्या गळ्यानं वर वर चढत जातो. त्याला तोंड उघडता येत नाही, म्हणून जणू तीच त्याच्या वतीनं गाते आहे. या तंत्राचं याहून खरं रूप मी ऐकलेलं नाही.

१० फेब्रुवारी २००४ रोजी कान्येचा 'द कॉलेज ड्रॉपआउट' हा अल्बम आला. पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्याच्या पोटात किती जणींचे आवाज आहेत! 'स्कूल स्पिरिट'मध्ये अरीथा फ्रँकलिन आहे. त्या गाण्यात शिवी नको, या अटीवर तिची परवानगी मिळाली, म्हणून शिव्या पुसूनच ते छापलं गेलं. लॉरिन हिलचा तुकडा वापरायची परवानगी मिळाली नाही, तेव्हा 'ऑल फॉल्स डाउन'साठी सिलीना जॉन्सननं त्या ओळी नव्यानं गायल्या.

ऑक्टोबर २०२२मध्ये याच कान्येनं ज्यूंविरुद्ध जे विष ओकलं, त्यावरून आदिदासनं त्याच्याशी करार तोडला. डिसेंबरात एका मुलाखतीत त्यानं हिटलरची स्तुती केली. २०२५ साली तर त्यावर गाणंच काढलं. याला माझ्याकडे क्षमा नाही. आजारपण, दुःख, काहीही पुढे केलं तरी नाही. मी त्याचं सगळं ऐकणं बंद केलं आणि ते बरोबरच होतं असं अजूनही मानते.

यंदा 'द कॉलेज ड्रॉपआउट' पुन्हा लावला तो या रीतीचं मूळ शोधताना. काही गाणी मध्येच बंद केली. त्याची स्वतःविषयीची बढाई आता कानाला लागते. पण 'थ्रू द वायर'ला थांबले. पूर्वी त्याच्या शब्दांकडे लक्ष असायचं, या वेळी कान चाका खानकडे गेला. तीही शिकागोचीच. मग 'थ्रू द फायर' मूळ वेगात लावलं. आवाज खाली उतरला, रुंद झाला, शब्दाशब्दांमधला श्वास ऐकू यायला लागला. सबंध गाणं ऐकलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.